कंपवात आणि नृत्य : पाय अडला तर ताल धरा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर झालेल्या भाषणाचा हा मजकूर. वक्त्या आपल्याच बी विंगमधील रहिवासी असून व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहेत.)



नोटीस बोर्डावर आजचा विषय लागला तेव्हा बऱ्याच जणांना गंमत वाटली. 'पार्किन्सन्स आणि नृत्य'. लिफ्टमध्ये एका काकांनी मला सरळच विचारलं, "अहो, ज्याला धड चालता येत नाही त्याला तुम्ही नाचायला कसं काय सांगता?" प्रश्न अगदी बरोबर आहे. आजचं माझं सगळं बोलणं म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा.

हा विषय आपल्या सोसायटीतच का, तर हिशोब साधा आहे. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी इथे ताबा घेतला ते तेव्हा चाळीस-पंचेचाळीसचे होते. आज ते पासष्ट-सत्तरचे आहेत. पार्किन्सन्स, म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो तो आजार, बहुतेकांना साठीच्या आसपास किंवा त्यानंतर गाठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 मध्ये जगात 85 लाखांहून अधिक लोक या आजारासह जगत होते. आपल्या आवारात किती आहेत ते मी सांगणार नाही, तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण एकाहून अधिक घरं आहेत, आणि त्यातली काही माणसं गेल्या दोन गणपतींत खाली आलेली नाहीत, एवढं सांगते.

आधी आजार थोडक्यात समजून घेऊ. जेम्स पार्किन्सन नावाच्या लंडनच्या डॉक्टरने 1817 साली या आजारावर एक छोटं पुस्तक लिहिलं. पुढे त्याचंच नाव आजाराला मिळालं. त्याचा वाढदिवस 11 एप्रिल, म्हणून तो दिवस जागतिक पार्किन्सन्स दिन. आपल्याकडे आयुर्वेदात कंपवाताचं वर्णन आहे आणि त्यावर खाजकुहिलीच्या बिया वापरत. या बियांमध्ये लेव्होडोपा खरोखरच असतं, आणि आजच्या गोळ्यांतलं मुख्य औषधही तेच आहे. पण म्हणून कोणी आपल्या मनाने चूर्ण आणून गोळ्यांबरोबर घेऊ नका. एकच औषध दोन्हीकडून पोटात गेलं तर मात्रा चुकते.

'कंपवात' या नावाने एक घोटाळा होतो. लोकांना वाटतं, हात थरथरला की पार्किन्सन्स आणि नाही थरथरला तर नाही. तसं नाही. काही जणांना कंप अगदी कमी असतो, काहींना नसतोच. खरा त्रास आहे तो हालचाल मंदावण्याचा, अंग ताठरण्याचा आणि पुढे पुढे तोल जाण्याचा. सुरुवातीच्या खुणा बारीक असतात. चालताना एकच हात हलत नाही. अक्षर बारीक होत जातं आणि बँकेतून सही जुळत नाही म्हणून चेक परत येतो. आवाज खाली जातो. वास येईनासा होतो. बद्धकोष्ठता होते. आणि चेहऱ्याचे स्नायू ताठरल्यामुळे चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत.

या शेवटच्या खुणेपाशी मी जरा थांबते. "अमुक काका हल्ली ओळख दाखवत नाहीत हो, हसत नाहीत, काही राग आहे का?" हे वाक्य आपल्या गेटपाशी मी स्वतः ऐकलेलं आहे. राग नाही. त्यांना हसू येतं, पण ते चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. आपण मात्र समजतो की माणूस बदलला. आपण बोलणं कमी करतो, मग तेही खाली उतरणं कमी करतात. आजाराने जेवढं नेलं नसेल तेवढं या गैरसमजाने जातं.

आता हे होतं कशामुळे? मेंदूच्या तळाशी एक छोटासा काळसर भाग आहे. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. या पेशी हळूहळू कमी होत जातात. बाहेर लक्षणं दिसू लागेपर्यंत त्यातल्या निम्म्या किंवा त्याहूनही जास्त गेलेल्या असतात. 1960 च्या दशकाच्या अखेरीस लेव्होडोपा उपचारात आलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालू लागली. आजही तेच प्रमुख औषध आहे. गोळी महत्त्वाची, वेळेवर महत्त्वाची, आणि नृत्य हा गोळीला पर्याय नाही. हे मी पुन्हा एकदा शेवटी सांगणार आहे.

डोपामिन कमी झालं की नेमकं काय बिघडतं, ते आपल्या पाण्याच्या टाकीवरून सांगते. आपल्या पंपाला ऑटोमॅटिक स्विच आहे. टाकी रिकामी झाली की पंप आपोआप सुरू होतो, भरली की बंद होतो. आपलं तिकडे लक्षही नसतं. मागे एकदा तो स्विच बिघडला होता, आठवतंय? तेव्हा मोटार चांगली होती, पाइप चांगले होते, पाणीही होतं. फक्त आपोआप सुरू होण्याची सोय गेली होती. मग वॉचमनने घड्याळ बघून हाताने बटण दाबायचं ठरलं आणि पाणी व्यवस्थित आलं.

पार्किन्सन्समध्ये असंच काहीसं होतं. पाय लुळे पडलेले नसतात. स्नायूंत ताकद असते. बिघडते ती 'आपोआप'ची सोय. तुम्ही-आम्ही चालतो तेव्हा उजवा पाय, मग डावा पाय असा विचार करत नाही. यांना करावा लागतो. बोलता बोलता चालणं, हातात चहाचा कप घेऊन वळणं, लिफ्टच्या दारातून पटकन आत शिरणं, या ठिकाणी गाडी अडते. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. याला डॉक्टर फ्रीझिंग म्हणतात. अरुंद दार, वळण, गर्दी, घाई या चार गोष्टी फ्रीझिंगला आवडतात, आणि आपल्या लिफ्टपाशी चारही एकत्र भेटतात.

पण हाताने दाबायचं बटण शिल्लक असतं. तेच आजच्या विषयाचं मर्म आहे.

दोन उदाहरणं देते. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी 2010 साली 58 वर्षांच्या एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला चार पावलं टाकणं मुश्कील होतं, फ्रीझिंगमुळे तो पडायचा. तोच माणूस सायकलवर बसवला तर झकास सायकल चालवायचा, वळणही घ्यायचा. सायकल थांबली, उतरला, की पुन्हा पाय चिकटले. त्याचा व्हिडिओ पाहून जगभरचे डॉक्टर चकित झाले. दुसरं उदाहरण घरातलं आहे. सपाट पॅसेजमध्ये अडणारे काही रुग्ण जिना मात्र नीट चढतात. घरच्यांना वाटतं, नाटक करतात की काय. नाटक नाही हो. पायरी डोळ्यांना दिसते, 'इथे पाऊल ठेव' असं सांगते. सपाट फरशी काहीच सांगत नाही.

म्हणजे बाहेरून खूण मिळाली की हालचाल दुसऱ्या वाटेने सुरू होऊ शकते. खूण डोळ्यांना मिळते तशी कानांनाही मिळते. अमेरिकेत 1996 साली मायकेल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. रुग्णांना ठेका पक्का ऐकू येईल असं संगीत दिलं आणि घरी रोज अर्धा तास त्या ठेक्यावर चालायला सांगितलं. तीन आठवड्यांनी त्यांचा चालण्याचा वेग सरासरी 25 टक्क्यांनी वाढलेला होता आणि पावलंही लांब पडत होती.

डोळ्यांना खूण, कानांना ठेका, मनात पुढच्या हालचालीचं चित्र, समोर करून दाखवणारा माणूस आणि शेजारी हात धरणारा सोबती. या पाच गोष्टी एकत्र कुठे मिळतात? नाचात. म्हणून नृत्य. हौस म्हणून तर आहेच, पण त्यामागे हे कारण आहे.

याची पद्धतशीर सुरुवात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात 2001 साली झाली. तिथल्या पार्किन्सन्स रुग्णांच्या गटाच्या संचालिका ऑली वेस्टहायमर या मार्क मॉरिस डान्स ग्रुप या नामांकित नृत्यसंस्थेकडे गेल्या. त्यांचं म्हणणं असं, की अवघड हालचाल मनाने कशी घडवायची याचं शिक्षण नर्तक आयुष्यभर घेत असतो, आणि आमच्या रुग्णांना तीच विद्या हवी आहे. तुम्ही शिकवा. डेव्हिड लेव्हेन्थाल आणि जॉन हेगिनबॉथम हे त्या संस्थेतले नर्तक शिकवू लागले. आज 'डान्स फॉर पीडी' या नावाने हे काम अनेक देशांत पोचलं आहे. या वर्गावर 'कॅप्चरिंग ग्रेस' नावाचा माहितीपट आहे. तो बनवणारे डेव्ह आयव्हरसन यांना स्वतःला पार्किन्सन्स आहे.

त्या वर्गाची एक गोष्ट मला फार पटते. तिथे कोणी पेशंट नसतो, सगळे विद्यार्थी असतात. वर्ग खुर्चीवर बसून सुरू होतो. संगीत असतं. मग खुर्चीच्या किंवा दांड्याच्या आधाराने उभं राहायचं, जमेल त्याने खोलीभर फिरायचं. शेवटी सगळे गोल करून हात धरतात. ज्याला उठता येत नाही तो बसून तेच करतो, आणि त्याचंही ते नृत्यच असतं.

पुढे यावर अभ्यास झाले. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे मॅडेलिन हॅकनी आणि गॅमन अर्हार्ट यांनी अर्जेंटिनाचा टँगो निवडला. आता टँगोच का? कारण टँगोत थांबायचं असतं, पुन्हा सुरू करायचं असतं, मागे पाऊल टाकायचं असतं, वळायचं असतं, आणि सगळं जोडीदाराला धरून. पार्किन्सन्समध्ये नेमकं हेच अवघड जातं. 2009 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठवड्यातून दोनदा एक तास, असे 13 आठवड्यांत 20 वर्ग झाले. काहींनी टँगो केला, काहींनी वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट. नाचणाऱ्या दोन्ही गटांचा तोल सुधारला, चालण्याचं अंतर वाढलं. न नाचणाऱ्यांत तशी सुधारणा दिसली नाही. 2012 साली डंकन आणि अर्हार्ट यांनी वर्षभर चाललेल्या टँगो वर्गाचे निष्कर्ष मांडले. तपासणी औषधाचा असर उतरलेला असताना केली होती, तरीही नाचणाऱ्यांची लक्षणं कमी झालेली दिसली. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठाने आठवड्यातून एकदा नाचणाऱ्या 16 रुग्णांना तीन वर्षं पाहिलं. 2021 साली त्यांनी सांगितलं की, न नाचणाऱ्या रुग्णांच्या तुलनेत यांच्या हालचाली कमी खालावल्या.

आता तराजूचं दुसरं पारडंही दाखवते, नाहीतर मी जाहिरात करते असं होईल. हे अभ्यास लहान आहेत. सोळा माणसं, साठ माणसं. नाचायला स्वतःहून येणारा माणूस मुळातच जरा उत्साही असतो, हाही फरक पडतोच. नृत्याने गेलेल्या पेशी परत येतात असं कोणीही म्हटलेलं नाही. वर्ग बंद केला की फायदाही हळूहळू ओसरतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच: तोल, चाल आणि मन या तिन्हींना नृत्याने मदत होते, आणि ती मदत नियमितपणाची आहे.

हे सगळं अमेरिकेत, कॅनडात ठीक आहे, आपल्याकडे काय, असं कोणाच्या तरी मनात आलं असेल. आपल्या पुण्यात हृषीकेश पवार या समकालीन नृत्य करणाऱ्या कलाकाराने पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतले आहेत आणि पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळातले रुग्ण त्यात नाचले आहेत. या मित्रमंडळात रुग्णाला 'शुभार्थी' म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर'. मला हे शब्द फार आवडतात. 'पेशंट' म्हटलं की माणूस वाट बघत बसतो. शुभार्थी काहीतरी मिळवायला निघालेला असतो. आजपासून मीही हेच शब्द वापरते.

आणि नाच म्हटलं की स्टेज, मेकअप असं डोळ्यांपुढे आणू नका. आपल्याकडे तालावर पाऊल टाकायचे किती प्रकार आहेत! वारकऱ्यांची पावली घ्या. टाळाचा ठोका, पाऊल पुढे, पाऊल मागे, सगळे एका रांगेत. एका ठिकाणी उभं राहून वजन या पायावरून त्या पायावर घेण्याचा याहून चांगला व्यायाम मला पुस्तकात सापडत नाही. लेझीम घ्या. हात मोठे हलतात, ठेका कानाला मिळतो. भोंडल्याचा फेर घ्या. हात धरलेले असतात, गती संथ असते, गाणं सगळ्यांना पाठ असतं, आणि गाताना आवाजाचाही व्यायाम होतो. झिम्म्यातल्या टाळ्या खुर्चीवर बसून समोरच्याशी सहज देता येतात. फुगडी मात्र नको. गिरकी नको, उड्या नकोत, बैठकीतून झटकन उठणं नको. मंगळागौरीच्या खेळांतलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, ते आपण ठरवू.

नुसतं ऐकून हे कळायचं नाही. सगळ्यांनी, ज्यांना काही आजार नाही त्यांनीही, माझ्याबरोबर बसल्या जागी करा. खुर्चीत थोडं पुढे सरका. पाठ ताठ, पावलं पूर्ण जमिनीला. आता मी टाळी वाजवते, एक-दोन-तीन-चार. टाळीबरोबर टाच उचला, आळीपाळीने. छान. आता हात. "हात वर करा" असं मी म्हणणार नाही. गच्चीवर वाळत घातलेली मोठी चादर दोन्ही हातांनी धरलीय आणि ती झटकतोय, असं समजा. बघा, हात आपोआप किती लांब गेले! आता पतंगाला ढील देतोय. आता दारात मोठी रांगोळी काढतोय, बारीक नाही, मोठी. आता शेजाऱ्याकडे वळून नमस्कार, आणि चेहऱ्यावर भरपूर हसू, अगदी खोटं वाटलं तरी चालेल.

आत्ता काय झालं बघितलंत? "हात नव्वद अंशात उचला" म्हटल्यावर जो हात खांद्यापर्यंत येत नाही, तो चादर झटकताना डोक्याच्या वर जातो. मनात चित्र आलं की हालचाल मोठी होते. पार्किन्सन्स प्रत्येक गोष्ट लहान करत जातो. पाऊल लहान, अक्षर लहान, आवाज लहान, आणि पुढे माणसाचं जगसुद्धा लहान. नाच म्हणजे तीच गोष्ट मुद्दाम मोठी करायची.

आता सावधगिरीच्या गोष्टी. या जरा लक्ष देऊन ऐका.

पहिली गोष्ट, सुरू करण्याआधी आपल्या न्यूरॉलॉजिस्टना विचारा. हृदयविकार, हाडं ठिसूळ असणं, अलीकडे झालेलं पडणं, हे सांगा. दुसरी, वर्गाची वेळ गोळीचा असर चांगला असतो तेव्हाची ठेवा. प्रत्येकाला आपली ती वेळ माहीत असते. गोळी आणि जेवण यांचं गणितही डॉक्टरांकडून समजून घ्या, कारण प्रथिनांनी भरलेल्या जेवणाबरोबर लेव्होडोपाचा असर कमी होऊ शकतो. तिसरी, बसल्याचं उभं राहताना घाई करू नका. या आजारात उभं राहिल्यावर रक्तदाब एकदम उतरू शकतो. उठण्याआधी दहा आकडे मोजा. चौथी, स्लीपर नको, मागून बंद असलेले बूट किंवा सँडल घाला. रबराचा फार घट्ट पकडणारा तळवाही नको, तो अडकतो. पाचवी, प्लॅस्टिकच्या हलक्या खुर्च्या गुळगुळीत फरशीवर सरकतात. वजनदार खुर्च्या, त्याही भिंतीला टेकवून. सहावी, दर दोन शुभार्थींमागे एक धडधाकट मदतनीस हवाच. आणि सातवी, दमलं की बसायचं. इथे कोणाला बक्षीस मिळवायचं नाही.

कोणाचे पाय अडले तर काय करायचं, हे तर वॉचमनपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळ्यांनी शिकून ठेवावं. हात धरून ओढू नका. ओढलं की वरचं अंग पुढे जातं, पाय मागे राहतात आणि माणूस पडतो. "चला चला, लवकर" म्हणू नका, घाईने पाय अधिक चिकटतात. शांतपणे सांगा, "काका, थांबा. सरळ उभे राहा. डावीकडे झुला, उजवीकडे झुला. आता मोठं पाऊल, एक... दोन..." किंवा आपलं पाऊल त्यांच्या पावलापुढे आडवं ठेवा आणि सांगा, "हे ओलांडा." पुष्कळदा तेवढ्याने पाय सुटतो. लिफ्टचं दार तेवढा वेळ धरून ठेवा. अर्धं मिनिट लागतं, जास्त नाही.

आता शुभंकरांविषयी, म्हणजे बहुतेक घरांत पत्नी किंवा सून, काही ठिकाणी पती. दिवसभर घरात एकच भाषा असते. गोळी घेतली का, सावकाश चला, शर्टाची बटणं मी लावते, पुन्हा सांडलं का. तीस-चाळीस वर्षांच्या संसाराची नर्स आणि पेशंट अशी वाटणी होऊन जाते. माझ्याकडे व्यायामाला येणाऱ्या एका काकूंना मी काकांसमोर उभं केलं, दोघांनी एकमेकांचे हात धरून जुन्या गाण्यावर फक्त डावी-उजवीकडे झुलायचं, एवढंच. गाणं संपल्यावर काकू म्हणाल्या, "गेल्या वर्षभरात मी यांचा हात पडू नये म्हणून धरलाय. आज पहिल्यांदा नुसता धरला." यापुढे मी काय बोलणार? तोल किती सुधारला ते मोजायला माझ्याकडे टेप आहे, घड्याळ आहे. हे मोजायला काही नाही, पण माणसं दुसऱ्या दिवशी परत येतात ती यासाठी.

अजून एक अडचण आहे, ती म्हणजे लाज. "या वयात नाचायचं? लोक काय म्हणतील?" विशेषतः पुरुषांना. आयुष्यभर ऑफिसात साहेब म्हणून वावरलेला माणूस, हात थरथरतोय, तोंडातून लाळ येतेय, अशा अवस्थेत चारचौघांत येऊन हात हलवायला तयार होत नाही. आणि त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. लोक बघतात हे खरंच आहे. म्हणून या वर्गात नुसते शुभार्थी नकोत. त्यांच्या बरोबरीने गुडघेदुखीवाले, ज्यांना काही झालेलं नाही ते, आणि सुट्टीत नातवंडंसुद्धा हवीत. सगळेच हात हलवत असले की कोणाचा हात थरथरतोय ते कोण बघतो!

आपल्यात म्हण आहे, नाचता येईना अंगण वाकडं. कामचुकार माणसासाठी आहे ती. पण या आजारात मी ती अगदी सरळ अर्थाने घेते. इथे अंगण खरंच वाकडं असतं, आणि अंगण नीट करणं आपल्या सगळ्यांच्या हातात आहे. म्हणून कार्यकारिणीपुढे माझ्या चार मागण्या आहेत. रौप्यमहोत्सवी वर्ष आहे, तेव्हा नाही म्हणणार नाही अशी खात्री आहे.

पहिली मागणी: आपला हॉल मंगळवार आणि शनिवार सकाळी अकरा ते बारा या वर्गासाठी विनाशुल्क मिळावा. त्या वेळी हॉल रिकामाच असतो, बुकिंगचं रजिस्टर मी पाहिलं आहे. वर्ग मी घेईन, मानधन नको. दुसरी: प्रत्येक विंगच्या लिफ्टसमोर, चालण्याच्या दिशेला आडव्या, एकेका पावलाच्या अंतरावर रंगीत चिकटपट्ट्या लावाव्यात. फरशीच्या रंगात उठून दिसतील अशा. खर्च किरकोळ आहे. ज्यांना गरज नाही त्यांना त्या रेषा दिसणारही नाहीत, पण ज्यांना आहे त्यांना त्या पायरीसारख्या उपयोगी पडतील. तिसरी: हॉलच्या दारातली ती अडीच इंची उंबरठ्याची पट्टी काढून तिथे उतार करावा आणि एका भिंतीला धरायला दांडा बसवावा. चौथी मागणी तरुण मुलांकडे आहे. तुमच्या ढोल-ताशा पथकातल्या दोघा-तिघांनी शनिवारी एक तास द्यावा. मोठा ढोल नको, साधी ढोलकी किंवा टाळ चालतील. मोबाइलवरच्या गाण्यापेक्षा समोर बसून वाजवणारा माणूस कधीही चांगला. शुभार्थी अडला तर तो थांबतो, पाहतो आणि पुन्हा ठेका देतो.

वर्गाला यायला नाव नोंदवायची गरज नाही, कोणाला कोणता आजार आहे हे सांगायचीही नाही. ज्यांना खाली येणं अवघड आहे त्यांच्या घरी मी आधी एकदा येऊन जाईन. इंटरकॉमवर कळवा.

आणि कबूल केल्याप्रमाणे पुन्हा एकदा सांगते: गोळ्या बंद करायच्या नाहीत, वेळ चुकवायची नाही, डॉक्टरांचा सल्ला सोडायचा नाही. नाच त्याच्या जोडीला.

लिफ्टमधल्या त्या काकांना आता उत्तर देते. ज्याला चालता येत नाही त्याला नाचायला सांगते, कारण पुष्कळदा त्याला चालण्यापेक्षा तालावर पाऊल टाकणं सोपं जातं. येत्या मंगळवारी अकरा वाजता, हॉलमध्ये. येताना घरून पाण्याची बाटली आणा, आणि शेजारच्या दाराची बेल वाजवून त्यांनाही घेऊन या.